बिनहाताची रांगोळी

गुरुवार आला की धावड्याजवळच्या माळावर पाय ठेवायला जागा उरत नसे. भोकरदनची एसटी फाट्यावर अर्धी रिकामी व्हायची. बाया वेचणीचा कापूस तसाच झाडावर सोडून यायच्या, म्हाताऱ्यांना खांद्यावर बसवून आणलं जायचं. मंडपात नादानंद महाराजांची गादी होती. गादीपुढे एक चौरंग, त्याला जमिनीपर्यंत सोडलेलं लाल वस्त्र, आणि वर काळा रंग दिलेला चौकोनी पितळी पत्रा. पत्र्याच्या वर तिरका आरसा टांगलेला, म्हणजे शेवटच्या रांगेलाही देवीची करणी दिसावी.

"नाद म्हणजे शक्ती!" महाराज माइकमध्ये गरजत. "शक्ती म्हणजे व्हायब्रेशन! अमेरिकेच्या सायंटिस्टांनी दुर्बीण लावून पाह्यलं, तर चंद्रावर पण आपल्याच भगवतीचा नाद! काय निघालं?"

"नाद!" लोक ओरडत.

चंद्रावर हवा नाही आणि हवेवाचून आवाज एक वीतभरही जात नाही, हे त्या गर्दीत एकीला तरी ठाऊक होतं. सत्यशीला भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती आज आली होती ती भावाच्या पोरीसाठी. कडूबाची द्वारका, बारा वर्षांची. तिला फेफऱ्याचे झटके यायचे. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं ते बंद होते. मग महाराजांनी गोळ्या सोडायला लावल्या. पुढच्याच पंधरवड्यात झटका आला तेव्हा पोर चुलीपुढे बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"देवीनं न्हाई म्हणलं वन्सं, आमी काय करावं?" द्वारकाची आई साळूबाई रडत रडत सांगत होती. "माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. गोळ्या द्यू का म्हणून इचारलं, तर बराबर गोल वेढा पडला. कमळ आलं तर हो, वेढा पडला तर न्हाई."

ते डोळ्यांनी पाहिलेलं काय असतं, हे पाहायला सत्यशीला आली होती. पण मंडपात शिरताच तिला दुसरंच काही दिसलं आणि तिचा चेहरा खुलला. गादीच्या डाव्या हाताला, पेटी पुढे घेऊन रामराव गुरुजी बसले होते.

धावड्याच्या शाळेत तिला विज्ञान त्यांनीच शिकवलं. मुलीला पुढे शिकवायला बाप तयार नव्हता, तेव्हा गुरुजी चार वेळा घरी आले होते. कॉलेजला जाताना पायात घालायला चपला त्यांच्या बायकोनं दिल्या होत्या. आता गुरुजी रिटायर झाले होते. भजनाला बसत असतील, तिनं मनाशी म्हटलं. ते आहेत म्हणजे इथं अगदीच अंधार नसेल.

एका म्हातारीनं बैलाविषयी प्रश्न विचारला. महाराजांनी मूठभर रांगोळी पत्र्यावर भुरभुरवली. "भगवती!" म्हणून सगळ्यांनी सूर लावला, शंख फुंकला गेला, कर्णे घुमू लागले. गुरुजींनी पेटीचा एकच सूर लांब धरला. पत्र्यावरची रांगोळी थरथरली, मुंग्यांसारखी सरकू लागली आणि बघता बघता आठ पाकळ्यांचं पांढरं कमळ उमटलं. कोणी हात लावला नाही. मंडप हंबरला. शेजारची बाई अंगात आल्यासारखी घुमू लागली.

पुढचा प्रश्न एका तरुणाचा. या वेळी पेटीचा सूर खाली उतरला. कमळ विस्कटलं आणि गोल वेढा पडला.

 सत्यशीलेनं आरशातून नजर काढली आणि गुरुजींच्या बोटांकडे पाहिलं. वरची पट्टी, कमळ. खालची पट्टी, वेढा. पुन्हा वरची. पुन्हा कमळ. दर वेळी सूर धरण्याआधी गुरुजी डोळे वर करून महाराजांकडे बघत होते. महाराज कपाळाला हात लावत, नाहीतर कानाला.

तिनं हे आधी पाहिलं होतं. आठवीच्या वर्गात गुरुजींनी पत्र्याचा तुकडा मधोमध खिळ्यावर बसवून, त्यावर वाळू टाकून, कडेवर सारंगीचा गज ओढला होता. वाळू पळाली आणि रेघांत जाऊन बसली. "पत्रा जिथं थरथरतो तिथून वाळू उडते," ते म्हणाले होते, "जिथं गप उभा राहतो तिथं गोळा होते. आवाज डोळ्यांनी दिसला का पोरांनो?" त्या दिवशी घरी जाताना तिला जमीनसुद्धा थरथरते आहे असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींच्या घरी गेली.

"ये सत्यशीले," ते म्हणाले. 

"चौरंगाखाली काय आहे, गुरुजी?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "कर्ण्याचं युनिट. लाउडस्पीकरवाल्या नजीरकडून आणलं. पडद्यावर सळई चिकटवली, ती पत्र्याला मधोमध टेकवली. पेटीपुढच्या माइकचा आवाज कर्ण्यात जातो तसाच त्यातही जातो."

"आणि युक्ती महाराजांना सुचली?"

"त्या गाढवाला काय सुचतं!" हे म्हणताना गुरुजींच्या आवाजात जो अभिमान आला, तो ऐकून तिला बसावंसं वाटलं. "तीस वर्षं मी दोऱ्या हलवून लाटा शिकवल्या. कोण बघत होतं? पोरं खिडकीतून बाहेर बघायची. आता हजार माणूस श्वास रोखून बघतं, पोरी. माझाच प्रयोग आहे तो."

"हजार माणूस देवी बघतंय, गुरुजी. प्रयोग कोणीच बघत नाही." ती पुढे सरकली. "द्वारकाच्या गोळ्या बंद झाल्या तो सूर कोणी धरला?"

"मी प्रश्न ऐकत न्हाई. त्यांनी कानाला हात लावला की खालची पट्टी. बस."

"ऐकायला पाहिजे होता."

गुरुजींनी डोळे पुसले. येत्या गुरुवारी आपणच उठून सगळं सांगू, असा शब्द दिला. तिनं तो खरा मानला. बापाला न जुमानता जो माणूस तिला शाळेत घेऊन गेला, त्याच्या शब्दावर तिनं आजवर कधी शंका घेतली नव्हती.

गुरुवारी ती कडूबाला, साळूबाईला आणि द्वारकाला घेऊन पहिल्या रांगेत बसली. भजन झालं. गुरुजी उठतील म्हणून ती वाट बघत होती. उठले महाराज.

"आज मंडपात एक शिकलेली बाई आलेली हाय," ते हसत म्हणाले. "भोकरदनची. म्हणती चौरंगाखाली मशीन हाय! बेटा, मशीनमंदी पण शक्ती कोणाची? भगवतीचीच! अशा बाईचा प्रश्न देवी घेत न्हाई."

लोक हसले. सत्यशीलेनं गुरुजींकडे पाहिलं. ते पेटीचा भाता तपासत होते, त्यात काही बिघाड असल्यासारखे. महाराजांना हे सांगणारा दुसरा कोणी असूच शकत नव्हता.

तेवढ्यात साळूबाई उठली. "तिचा नका घेऊ. माझा घ्या. माझी पोर भाजली, महाराज. तिच्या गोळ्या परत चालू करू का?"

या वेळी शंख वाजायला उशीर झाला. मंडपात शांतता होती आणि साळूबाईचा आवाज मोठा होता. गुरुजींनी प्रश्न ऐकला. त्यांनी द्वारकाच्या पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या हाताकडेही पाहिलं. महाराजांनी कानाला हात लावला.

गुरुजींनी खालची पट्टी दाबली.

आरशात गोल वेढा उमटत असतानाच सत्यशीला उठली. चार पावलांत ती पेटीपाशी पोचली. तिनं गुरुजींचं मनगट धरून हात उचलला. सूर थांबला. पत्र्यावरची रांगोळी जागच्या जागी थिजली.

"देवी थांबली," ती माइकमध्ये म्हणाली. "बघा, पेटी थांबली तशी देवीपण थांबली." डाव्या हातानं भाता मारत तिनं वरची पट्टी दाबली. वेढा फुटला, रांगोळी धावली, कमळ उमललं. "आता हो म्हणाली! गोळ्या द्या म्हणाली!"

"हिला खाली उतरवा!" महाराज ओरडले. "पाप हाय हे!"

"अजून एक प्रश्न. देवी, हा महाराज लबाड आहे का?" तिनं पट्टी सोडलीच नव्हती. कमळ टवटवीत उभं होतं. मागून कोणीतरी खो-खो हसलं आणि मग हसू रांगांमधून पुढे सरकत आलं.

कडूबानं लाल वस्त्र ओढलं. खाली काळं युनिट, त्यावर सळई, मागे तारा. लाउडस्पीकरवाला नजीर पुढे आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! गुरुजी, तुमी तर मला शाळंच्या प्रयोगाला पाह्यजे म्हणल्ता."

महाराज मागच्या कनातीतून कधी गेले, कोणी पाहिलं नाही.

सत्यशीलेनं मंडपाची एक दोरी सोडली, टोक खांबाला बांधलं आणि दुसरं हातात धरून झटका दिला. उंचवटा खांबापर्यंत धावला आणि उलटा परत आला. "दोरी कुठं गेली का? न्हाई. गेली ती लाट. दोरी हलते वर-खाली, लाट जाते पुढं. याला अवतरंग म्हणतात. आवाजाची लाट वेगळी. तिच्यात हवा पुढं-मागं दाबली जाते, लाट जाते त्याच दिशेला. ते अनुतरंग." मग तिनं हात एका लयीत हलवला. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळल्या. दोरीला दोन फुगीर पोटं आली आणि मधला एक बिंदू जागेवर गप्प उभा राहिला. "हा निस्पंद. इथं मुंगी बसवली तर पडणार न्हाई. पत्र्यावर असे किती तरी बिंदू असतात, त्यांच्या रेघा होतात. थरथरत्या जागेवरची रांगोळी उडून त्या रेघांत बसते. सूर उंच केला की लाटा आखूड होतात, रेघा वाढतात, कमळ येतं. खाली आणला की लाटा लांब, रेघा कमी, वेढा पडतो. यात देवी कुठं हाय, कोणी दाखवावं."

 साळूबाई खाली बसली होती. पोरीचा भाजलेला हात मांडीवर घेऊन ती चौरंगाकडे नाही, गुरुजींकडे बघत होती. "गुरुजी, तुमाला सगळं ठावं व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याचं सोडा, तो परका. तुमाला ठावं व्हतं."

गुरुजी पेटी तिथंच सोडून गेले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली. त्यांच्या अंगाला अंग लागू नये म्हणून लोक जास्तच सरकले. सत्यशीलेला वाटलं, हाक मारावी. तिनं मारली नाही.

पुढेही काही जण म्हणतच राहिले की वस्त्र ओढल्यामुळे देवी रुसली. एकदा पाहिलेलं सुटायला वेळ लागतो. पण द्वारकाच्या गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. हाताची बोटं मात्र पुरती वळायला वर्ष गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत पोर आत्याकडे राहायला आली. जेवण झाल्यावर गोळी गिळून तिनं विचारलं, "आत्या, गुरुजींनी तुला शिकवलेलं पण खोटंच असंल मंग?"

सत्यशीला भांडी आवरता आवरता थांबली. किती दिवस तीही हेच विचारत होती, आणि रात्री झोप लागत नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "लाटा खऱ्या आहेत. त्या गुरुजींच्या न्हाईत, कोणाच्याच न्हाईत. दोरी घे आणि स्वतः हलवून बघ. कोणी सांगितलं म्हणून काही खरं होत न्हाई, मी सांगितलं तरी. माणूस कितीही जवळचा असो, चपला देणारा असो, त्याला विचारायचं, कशावरून? आणि जो म्हणेल विचारू नको, त्याच्यापासून आपली पोरं लांब ठेवायची."

"आणि गुरुजी?"

सत्यशीलेनं पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. "गुरुजींचं मला अजून कळलं न्हाई," ती म्हणाली. "जा, दोरी आण."