मिळून आला नाही

बेंजामिन वाकरूळकरांनी खून पाहिला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. त्याबद्दल साक्ष द्यायला पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा अडुसष्टचे.

ते भूमापन खात्यात सर्व्हेअर होते. तळोज्याच्या पलीकडे नाल्याकाठची एक जमीन मोजायला भल्या सकाळी गेले, तर तिथे एक टँकर नाल्याकडे पाठ करून उभा. पाइपातून कारखान्याचं पिवळट पाणी नाल्यात पडत होतं. जवळच्या गावातला शिवा तो पाइप ओढून काढायला धावला. त्या पाण्यानं त्याच्या बापाचं शेत करपलं होतं. ड्रायव्हर तुळशीरामनं मागून त्याचे हात धरले आणि टँकरच्या कंत्राटदारानं लोखंडी पाना त्याच्या डोक्यात घातला. दोनदा. बेंजामिन चाळीस पावलांवर करंजाच्या झाडाआड होते. ते तिथून पुढे आले नाहीत. पण त्याच दिवशी पोलिसांत जाऊन त्यांनी जबाब दिला, आणि तो खरा दिला.

खटला आधी अलिबागला होता, मग पनवेलला आला. आरोप ठरायलाच सहा वर्षं गेली. जामिनावर सुटलेल्या कंत्राटदाराचा माणूस मधेच एकदा घरी येऊन गेला. सोफ्यावर अदबीनं बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, आता रिटायर झालात ना? मुलीकडे जा की. तिकडची हवा चांगली असते म्हणे."

मुलगी शोशाना इस्राएलमध्ये अश्दोदला होती. बेंजामिन बायकोला घेऊन गेले. मात्र दर हिवाळ्यात पनवेलला परत यायचे. घर होतं, नातलग होते, इथल्या बोंबलांशिवाय त्यांना जेवण जात नसे.

पहिलं समन्स आलं ते अशाच एका हिवाळ्यात. दारात हवालदार. बेंजामिन स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. बायकोनं, जोकबेदनं, त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ते मुलीकडे आहेत," ती दारात म्हणाली.

"बरं काकी," म्हणत हवालदारानं कागदावर लिहिलं, साक्षीदार मिळून आला नाही.

असं सहा वेळा झालं. दर खेपेला तारीख पुढे गेली. सरकारी वकील बदलले, न्यायाधीश बदलले.

एकदा हवालदार नव्हता, शिवाची आई होती. हौसा. कुणीतरी तिला पत्ता दिला होता. जोकबेदनं तिलाही तेच सांगितलं. आत बेंजामिन श्वास रोखून उभे होते, तरी तिचं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"आले म्हंजे सांगा, बाय. शिवाची आय येऊन गेली. त्यांनी बघितलाय, असा पोलीस बोलले. दुसऱ्या कोनी बघितला नाय."

ती गेल्यावर जोकबेद त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

अश्दोदला शेजारी एक नव्वदीचे गृहस्थ राहायचे. लहानपणी छळछावणीतून वाचलेले. त्या छावणीच्या एका पहारेकऱ्यावर जर्मनीत खटला उभा राहिला आणि ते विमानानं साक्षीला जाऊन आले. बेंजामिन भेटायला गेले. शोशाना मधे बसून भाषांतर करत होती.

"एवढ्या वर्षांनी काय उपयोग?" बेंजामिननी विचारलं.

म्हातारा सावकाश बोलला. शोशानानं सांगितलं, "ते म्हणतात, उशीर त्यांनी केला, मी नाही. मला बोलावलं त्या दिवशी मी बॅग भरली. आणि विचारतायत, तुम्ही कधी कोर्टात साक्ष दिलीत का?"

"नाही," बेंजामिन म्हणाले. शोशानाला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सहज तो शब्द पुढे पोचवला. मुलीच्या तोंडून आपलं उत्तर परक्या भाषेत ऐकताना त्यांचे कान तापले.

पुढे कंत्राटदार वारला. आता घाबरायला कुणी उरलं नव्हतं. तरी बेंजामिन कोर्टाची पायरी चढले नाहीत. चढलो तर 'इतकी वर्षं कुठे होतात' असं विचारतील, या एका प्रश्नापायी आणखी चार वर्षं गेली. जितका उशीर होई तितकं जाणं अवघड होई.

मग पनवेललाच जोकबेद वारली. महिना उलटायच्या आत सातवं समन्स आलं. बेल वाजली. घरात खोटं सांगणारं दुसरं माणूस नव्हतं. बेंजामिननी स्वतः दार उघडलं.

"वाकरूळकर?" हवालदारानं विचारलं.

"मीच," ते म्हणाले आणि सही केली.

कोर्टात आरोपी म्हणून एकटा तुळशीराम होता, केस पांढरे झालेला. मागच्या बाकावर हौसा. बेंजामिननी पाहिलं ते सगळं सांगितलं. मग बचावाचे वकील उठले.

"हात धरणाऱ्याचा शर्ट कोणत्या रंगाचा होता?"

"खाकी."

"जबाबात निळा लिहिलाय. आणि इतकी वर्षं होतात कुठे?"

"मुलीकडे. परदेशात."

"सलग?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. पासपोर्ट कुणी मागितला नव्हता. पण बेंजामिनची नजर मागच्या बाकाकडे गेली.

"नाही," ते म्हणाले. "दर हिवाळ्यात पनवेललाच असायचो. सहाही वेळा समन्स आलं तेव्हा घरातच होतो. बायकोला खोटं बोलायला लावलं. या बाई आल्या होत्या, तेव्हाही आत होतो."

न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. "हे शपथेवर सांगताय, कळतंय ना?"

"हो, मॅडम."

हौसानं पदर तोंडाला लावला. तिच्याकडे पुन्हा पाहायची त्यांची छाती झाली नाही.

आठ महिन्यांनी निकाल लागला. एकमेव साक्षीदार समन्स चुकवत राहिला, त्याला आता तपशील धड आठवत नाहीत, सबब संशयाचा फायदा. तुळशीराम सुटला.

बाहेर बेंजामिन सरकारी वकिलांना म्हणाले, "अपील करा. मी येईन. कधीही बोलवा."

"अपिलात साक्षीदाराला बोलवत नाहीत, काका," वकील फाइल बांधत म्हणाले. "जे लिहिलं गेलंय त्यावरच चालतं."

हौसा पायऱ्यांवर चप्पल घालत होती. बेंजामिन तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही," एवढंच निघालं.

"खरा सांगलात तुमी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पन शिवाचा बापूस दर तारखेला यायचा. गेल्या साली गेला. त्याला ऐकाया मिलाला नाय."

"स्टँडपर्यंत रिक्षानं सोडतो."

"नको. मी जातंय."

ती निघाली. दुपारचं ऊन होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत बेंजामिन पायऱ्यांवर उभे राहिले. मग घरी जाऊन त्यांनी शोशानाला फोन लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.