भरदुपारी हलविलेल्या पेट्या

"आधी या माश्या आवरा, मग तोंड वर करून बोला!" काकडीवाल्या बाईने बांधावरूनच तोफ डागली. "पोराचा कान बघा, पुरी झालीय त्याची!"

माशीवाला नुकताच सासुरवाडीहून, सासऱ्याच्या मातीला जाऊन परतला होता. खांद्यावरची पिशवीही अद्याप उतरली नव्हती. बांधाच्या कडेला, जिथे त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत, तिथे आता केवळ विटांचे चौथरे उरले होते. त्या विटांवर माश्यांचे काळेभोर घोस लोंबत होते आणि शेतातून परतणाऱ्या माश्या आपले घर शोधीत वेड्यासारख्या घिरट्या घालीत होत्या.

"ताई, पेट्या कुठं गेल्या?"

"मला विचारता? तुमचाच भाऊ घेऊन गेला की! भरदुपारी गडी आणून टेम्पो लावला. म्हटलं, दादाला विचारलंस का? तर म्हणतो, पेट्या माझ्याच आहेत, दादा नुसता राखणीला असतो."

माशीवाल्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तो विटांपाशी बांधावर बसला.

वस्तुतः हा धंदा त्याच्याच डोक्यातून निघाला होता. पूर्वी तो कड्यावरची मोहळे उतरवून मध विकीत असे. पुढे शिवारात औषधांची फवारणी वाढली, तशी मोहळे दिसेनाशी झाली. त्याच सुमारास काकडीच्या वेलांवर फुले उदंड येत. परंतु बोटाएवढी काकडी धरली की ती पिवळी पडून गळून जाई. लोक बियाणेवाल्याला शिव्या देत. हा मात्र वेलांपाशी उकिडवा बसून राही. एके सकाळी त्याच्या ध्यानात आले की, फुलावर माशीच येत नाही. त्या क्षणी त्याला उमगले की, यापुढे लोकांना मधापेक्षा माशीचे कष्ट अधिक लागतील. तेव्हा मध विकण्याऐवजी माश्याच भाड्याने द्याव्यात!

गावाने पोट धरून हसून घेतले. "काम नसलं की माणूस माश्या मारतो, हा पाळायला निघालाय!" पारावरचा न्हावी म्हणाला होता. आणि ज्या हंगामात काकडी लगडली, त्या हंगामात त्याच न्हाव्याने आपल्या परसासाठी एक पेटी मागितली होती.

धाकटा भाऊ बोलण्यात चतुर. आईवडिलांच्या माघारी माशीवाल्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. गिऱ्हाइकांशी बोलणी धाकट्याने करावी आणि पेट्यांची उठाठेव थोरल्याने, अशी त्यांची वाटणी होती. धाकट्याला माशी चावली की तोंड भोपळ्यासारखे सुजे. म्हणून पेट्या हलविण्याच्या वेळी तो जवळही फिरकत नसे.

माशीवाला घरी गेला. परसात ठेवलेल्या एकुलत्या पेटीतून त्याने ताज्या अंड्यांची एक चौकट काढली, ती रिकाम्या पेटीत बसविली आणि ती पेटी बांधावरच्या त्याच विटांवर आणून ठेवली. दिवेलागणीपर्यंत घोसामागून घोस सरसरत आत शिरले.

"राणी नाही त्यांना," माहेराहून त्याच्यासोबतच परतलेली त्याची बायको हळूच म्हणाली.

"अंडी आहेत. करतील त्यातून नवी."

"आणि तुम्ही? तुम्ही काय करणार आहात? स्वतःच्या ताटातला घास काढून त्याला दिलात, त्यानं ताटच पळवलं!"

माशीवाल्याने पेटीचे झाकण सारखे केले.

नव्या पेटीत माश्यांनी नव्या राणीसाठी बांधलेली कोठडी मेणाने बंद केली, तेव्हा एके सकाळी धाकटा दारात उभा राहिला. त्याच्या मागे त्या पेट्या भाड्याने घेतलेला नदीपलीकडचा कलिंगडवाला तोंड आंबट करून उभा होता.

"दादा, पेट्यांना काय झालंय रे? फुलं वाया चाललीत, माश्या बाहेरच पडत नाहीत!"

"पेट्या तुझ्या. तुला ठाऊक."

"दादा, असं काय बोलतोस! चुकलो असेन..."

"कधी हलवल्यास?"

"दुपारी. का?"

"दुपारी माशी कामाला गेलेली असते. सांजेला सगळ्या घरी आल्या की दार लावायचं आणि मग पेटी उचलायची. तू घर नेलंस, पण कमावणाऱ्या माश्या इथंच राहिल्या. पेटीत उरल्या त्या लहान. त्यांना बाहेर पडायला अजून अवकाश आहे."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांजेला सांगायला मी होतो. ऐकायला तू कुठं असायचास?"

कलिंगडवाल्याने धाकट्याकडे अशा नजरेने पाहिले की, त्याची मान खाली गेली. मग कलिंगडवाला माशीवाल्याकडे वळून आर्जवाने म्हणाला, "मालक, पुढच्या लागवडीचं तुम्हीच बघा. बोलणी आता तुमच्याशीच."

"पेट्या आधी माझ्या दारात येऊ द्यात. सांजेला, दारं लावून. मग बघू."

"आणतो, दादा," धाकटा लगबगीने म्हणाला. त्याचा चेहरा किंचित उजळला. "मग मीही येऊ ना? पहिल्यासारखं?"

माशीवाल्याने बांधाच्या दिशेने पाहिले.

"तूही भरदुपारीच गेलास, बाळा. तुझं काही मागं राहिलंय का, ते बघायला मी रोज त्या विटांपाशी जाऊन बसलो. माश्या होत्या. तू नव्हतास."

एवढे बोलून त्याने जाळीची टोपी डोक्यावर चढविली आणि तो परसाकडे वळला.