जोतीरामचं लॉन

जोतीराम माझा धाकटा भाऊ. गडहिंग्लजजवळचा आमचा मळा विकून त्यानं कोल्हापुरात बंगला बांधला, आणि तेव्हापासून त्याला कुणी शेतकरी म्हटलेलं खपेना. मळ्यावरचा माझा हक्क मी साडी-चोळीवर सोडला होता, बहिणी सोडतात तसा. वडिलांचा, आबांचा ऊस भावाच्या हाती राहील, एवढंच मनात होतं. यानं तिथं प्लॉट पाडले. मी ते त्याला कधी माफ केलं नाही.

वास्तुशांतीच्या आधी साहेबांना अंगणात लॉन हवं होतं. आईचा जन्म शेतातली हरळी उपटण्यात गेला, आणि हा गवत विकत आणायला निघाला!

नर्सरीवाला सम्राट गॉगल लावून आला. म्हणाला, "आधी माती चाळू, मुळ्या येचू. थोडं दिस नुसतं पाणी मारू. उगवंल ते मुळासकट काढू, मगच गवत अंथरू."

"मला माती शिकवतोस व्हय रं?" जोतीराम हसला. "शेतकऱ्याचा पोरगा हाय मी!"

म्हणजे सोयीपुरता शेतकरी.

माती मात्र त्याला विकतची चालेना. प्लॉटवर मुरूम पडायच्या आत त्यानं मळ्यातली काळी माती डंपर भरून आणली, न चाळताच पसरली, वरून रोलर फिरवला आणि गवताच्या गुंडाळ्या अंथरल्या. मग सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

वास्तुशांतीला मी पोचले तेव्हा पावणे लॉनवर जमले होते आणि गवत फोडून जागोजागी उसाचे कोंब वर आले होते. तोडलेल्या उसाची खोडं मातीबरोबर आली होती. पाणी मिळालं, फुटली. जोतीराम रोज खुडत होता म्हणे. खुडून ऊस थांबतो होय?

"जोतीराव, उसाला तोड कवा घालायची?" एका पावण्यानं विचारलं. सगळे खदाखदा हसले.

जोतीराम लालबुंद झाला. "ही घाण आत्ताच्या आत्ता उपटतो," म्हणत खुरपं घेऊन वाकला.

घाण? आबांचा ऊस घाण? माझं डोकंच फिरलं.

"हात लावू नगंस!" मी ओरडले. पदर खोचला, गड्यांनी टाकलेली कुदळ उचलली आणि लॉनच्या मधोमध घाव घातला. गवत टराटरा फाटलं. सगळ्यात मोठं बेट मातीसकट उचलून मी घमेल्यात ठेवलं. पावण्यांचं हसणं बंद झालं.

"मळा विकलास. एवढा माझा वाटा," मी म्हटलं. घमेलं कमरेवर घेतलं आणि थांबले. वाटलं, आता तरी याला काही बोचेल. आबांचं नाव काढेल, निदान मान खाली घालेल.

मान खाली घातलीच त्यानं. खड्डा बघायला.

"अक्का," तो रडवेला होऊन म्हणाला, "लॉनचं पार वाटोळं केलंस की गं!"