दसऱ्याचं काडतूस

आमच्या लीड्सच्या घरात मी कधी हात घातला नाही असं एकच कपाट होतं. जिन्याखालचं, पोलादी, भिंतीला बोल्ट ठोकून बसवलेलं. त्याची किल्ली यांच्याकडे असे. कायदाच तसा आहे म्हणे. बंदुकीचं सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, किल्ली त्यानेच सांभाळायची, ती बायकोच्याही हाती लागता कामा नये. मी म्हणायचे, "अहो, ती किल्ली देवघरात टांगलीत तरी मी तिकडे ढुंकून बघणार नाही." यावर हे नुसते हसायचे. हसून विषय बंद करण्यात डॉक्टर माधव करंबेळकरांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हे भूल देणारे डॉक्टर. आम्ही पुण्याहून एकोणसत्तर साली इथे आलो. हॉस्पिटलातला एक म्हातारा स्कॉटिश सर्जन ऐंशी साली रिटायर झाला आणि जाताना सगळी कागदपत्रं करून आपली रायफल यांच्या गळ्यात मारून गेला. सोबत स्कॉटलंडातल्या पर्थशायरमधल्या एका इस्टेटीचा पत्ता. तिथे डोंगरावर हरणं फार वाढतात, झाडांना पालवी धरू देत नाहीत, म्हणून ऑक्टोबर सरता सरता माद्या मारून कमी कराव्या लागतात. त्यात ना शिंगं, ना फोटो, ना फुशारकी. असलं काम यांना बरोबर आवडलं. दर वर्षी एक आठवडा रजा काढून हे एकटे तिकडे जायचे आणि मी घरात एकटी राहायचे. मी कट्टर शाकाहारी. आमच्या फ्रीजमध्ये त्या हरणाचा तुकडा कधी आला नाही, एवढी एक अट यांनी पाळली.

रायफलीपेक्षा यांचा जीव तिच्या काडतुसावर. 'टू-सेव्हन-फाइव्ह' म्हणायचे त्याला. बोटाएवढं लांब, पितळी, पुढे निमुळतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ते बनवलं आणि त्यानंतर त्यात बदल करण्यासारखं काही कुणाला सापडलं नाही, असं यांचं म्हणणं. दुकानदार दर वेळी यांना नवी, मोठी, वेगवान काडतुसं दाखवायचा. हे घरी येऊन मला सांगायचे, "सुप्रभा, जास्त डोस देणं म्हणजे हुशारी नव्हे. पेशंटला लागतं तेवढंच द्यावं. हे तेवढंच देतं. हरणाला कळायच्या आत संपतं आणि आपल्या खांद्यालाही लागत नाही."

"बंदूक झाडायची आणि खांद्याला लागत नाही? मला काय लहान मूल समजलात?"

"खरंच नाही लागत गं. कुणी खांद्यावर हात ठेवून 'जरा थांब' म्हणावं, इतकंच."

थापा मारतात झालं, असं मी मनात म्हणायचे. बायकोला न आवडणाऱ्या गोष्टीला पुरुष नेहमीच मऊ करून सांगतात.

दसऱ्याला मात्र माझी पंचाईत व्हायची. आमच्याकडे शस्त्रपूजा म्हणजे माझं शिवणयंत्र, यांचा स्टेथोस्कोप, गाडी आणि आमचा मुलगा अतुल शाळेत होता तोवर त्याचा कंपास. त्यात ऐंशी साली ही रायफल येऊन बसली. घरात शस्त्र आहे आणि त्याची पूजा नाही, हे माझ्या मनाला पटेना. मी वाटीत कुंकू कालवून पुढे झाले, तर यांनी रायफल मागे ओढली. "ओलं कुंकू नको, पोलादाला गंज चढेल. या एकाला लाव." आणि माझ्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. मी त्याच्या चपट्या बुडावर, बरोबर मध्यभागी, हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि बागेतल्या झेंडूची एक पाकळी वाहिली.

त्याच वेळी यांनी विचारलं होतं, "येतेस का तूपण? डोंगर बघ फक्त. शिकारीच्या वेळी खाली घरात बस."

मी म्हणाले, "मेले तरी येणार नाही. आणि परत आल्यावर आधी आंघोळ, मग घरात पाऊल."

यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं मी मैत्रिणींना सांगत आले की मला हे कधी 'चल' म्हणत नाहीत. पहिल्या वर्षीचं बोलणं मी सोयीस्करपणे विसरून गेले होते. पूजा मात्र चुकवली नाही. दर दसऱ्याला एक काडतूस, एक बोट कुंकू. त्या आठवड्याची आमची देवाणघेवाण एवढीच. मग हे जायचे आणि मी पुस्तकं परत घ्यायला कौन्सिलच्या लायब्ररीत जायचे. तिथे मी नोकरीला होते. संध्याकाळी घरी येऊन एका माणसाचा भात लावायचा. भात नेहमी जास्तच व्हायचा.

त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडता उघडता हे गेले. डोंगरावरून येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. अतुल लंडनजवळच्या हाउन्सलोहून आला, दहा दिवस राहिला, आणि मग त्यालाही एअरपोर्टच्या ड्यूटीवर जाणं भाग होतं. जाताना म्हणाला, "आई, तू ते रायफल घरात ठेवू नको. इट्स नॉट सेफ. पोलीसला दे आणि झालं."

पोलिसांकडून बंदुकांचं काम बघणारा अधिकारी आला. पोट सुटलेला, सभ्य, यॉर्कशायरचा माणूस. बूट बाहेर काढून आला, म्हणून मला बरा वाटला. त्याने माझ्या नावाने तीन महिन्यांचं परमिट लिहून दिलं. तेवढ्या मुदतीत रायफल कुणा सर्टिफिकेटवाल्याला द्यायची, नाहीतर पोलीस ती घेऊन जाणार. मग यांच्या जुडग्यातली किल्ली लावून त्याने माझ्यासमोर ते कपाट उघडलं.

रायफल होती. काडतुसांचं एक खोकं होतं, अर्धं वापरलेलं. आणि खालच्या कप्प्यात शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक छोटा पत्र्याचा डबा. अधिकाऱ्याने झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

आत हॉस्पिटलातल्या पांढऱ्या गॉझमध्ये गुंडाळलेली चौदा काडतुसं होती. प्रत्येकाच्या बुडावर कुंकू. जुनं काळपट झालेलं, नवं अजून लाल. भूलतज्ज्ञ प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी चिकटवतात, तशी यांनी प्रत्येकावर टेपची पट्टी लावली होती आणि तिच्यावर मराठीत लिहिलं होतं. दसरा ८०. दसरा ८१. दसरा ८२. थेट ९३ पर्यंत.

"हा लाल रंग कसला?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने समजल्यासारखी मान हलवली. माझं मात्र डोकं फिरलं. चौदा वर्षं मी नाक मुरडत का होईना पूजा केली आणि या माणसाने एकही काडतूस वापरलं नाही! मी लावलेलं कुंकू गॉझमध्ये गुंडाळून अंधारात टाकलं आणि शिकारीला दुसरी घेऊन गेले. त्या डोंगरावर माझं एवढंसं बोटसुद्धा यांना नको होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि भांडायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मी दोन दिवस रागाने जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मी पर्थशायरला फोन लावला. डंकन त्या इस्टेटीवरची हरणं राखणारा, यांना डोंगर चढवून नेणारा माणूस. यांच्या तोंडी त्याचं नाव चौदा वर्षं ऐकलं होतं, आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. यांच्या जाण्याचं त्याला पत्राने कळलं होतं. मी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, "माझ्या नवऱ्याने ती लाल ठिपक्याची काडतुसं का वापरली नाहीत?"

तो म्हणाला, "ती झाडायची नव्हतीच, मिसेस करंबेळकर. ती वरच्या खिशात असायची. सकाळी निघताना डॉक्टर खिशावर दोन बोटं आपटायचे आणि म्हणायचे, सुप्रभा आली, चला. वर पोचल्यावर धुकं निघालं की दरी दिसते. तेव्हा ते खिशातून काढून हातात धरून बसायचे. आधी मला वाटलं, हे तुमच्या धर्मातलं काहीतरी आहे. मग एकदा विचारलं. म्हणाले, तिला डोंगर दाखवतोय, ती येत नाही ना."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. चौदा आठवडे मी इथे एका माणसाचा भात लावत बसले होते आणि तिथे हे मला रोज डोंगरावर नेत होते. मला सांगायला काय झालं होतं? पण सांगणार कसे, 'मेले तरी येणार नाही' म्हणणाऱ्या बाईला? इतकं एकटं मला यांच्या जाण्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता मला रायफल नको होती. मला त्यातलं एक काडतूस हवं होतं. फक्त एक, देवघरात ठेवायला. अधिकारी पुन्हा आला तेव्हा मी तसं सांगितलं.

"एकसुद्धा नाही, लव्ह," तो यॉर्कशायरच्या रीतीने म्हणाला. "जिवंत काडतूस सर्टिफिकेटशिवाय घरात ठेवलंत तर मलाच तुमच्यावर केस करावी लागेल."

"मग ही चौदाच्या चौदा तुम्ही नेऊन काय करणार?"

"नष्ट करतात."

माझा चेहरा बघून तो जरा अवघडला. जाता जाता दारात बूट घालताना म्हणाला, "झाडून रिकामं झालेलं काडतूस मात्र नुसतं पितळ असतं. ते कुणीही ठेवावं."

मी त्याच दिवशी डंकनला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, रायफल मी घेतो, माझ्या सर्टिफिकेटवर तशी नोंद करून घेतो. हल्लीच्या पोरांना मोठा आवाज आणि मोठा धक्का लागतो, पण चाळीस वर्षं डोंगरावर काढलेला माणूस शेवटी टू-सेव्हन-फाइव्हकडेच येतो. एका दुकानदारामार्फत रायफल आणि तो डबा रीतसर त्याच्याकडे गेले. फेब्रुवारीच्या मध्यावर, हरणांचा हंगाम संपल्यावर, मी ट्रेनने पर्थला उतरले. अतुलला सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर आईला वेड लागलं म्हणाला असता.

डंकन साठीचा, काटकुळा, माझ्याहून कमी बोलणारा. माझ्याहून कमी बोलणं तसं अवघड नाही म्हणा. त्याने मला जीपमधून दरीच्या तोंडाशी नेलं. डोंगरावर बर्फ होतं आणि समोर मातीच्या उतारावर कागदाचं लक्ष्य लावलेलं. मी एकेका काडतुसावरची पट्टी सोडवून माझ्या कोटाच्या बाहीवर चिकटवत गेले आणि त्याच्या हातात देत गेले. त्र्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव. तो ओल्या गवतावर पालथा पडून एकेक झाडत होता. आवाज दरीत जाऊन परत येत होता. रिकामं पितळ बाहेर पडलं की मी ते उचलायचे. गरम असायचं. रायफलीच्या टोच्याची खूण बरोबर माझ्या कुंकवाच्या मध्यभागी उमटलेली.

तेरा झाली. दसरा ऐंशी उरलं, कुंकू पार काळं झालेलं. डंकन उठला आणि कपडे झटकले.

"हे तुमचं," तो म्हणाला. "इस्टेटीच्या जमिनीवर मी शेजारी असताना तुम्ही माझी रायफल झाडू शकता. कायद्याला चालतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. या जागेला मी एकदा नाही म्हटलं होतं. मी गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात मुंगी न मारलेली बाई, ओल्या गवतात पालथी पडले. डंकनने माझ्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली, रायफलीचा दस्ता खांद्याला लावून दिला, आणि घोडा कसा हळूहळू दाबायचा ते बोटाने दाखवलं. लक्ष्य मला नीट दिसतही नव्हतं. मी सगळं अंग आवळून धरलं, कारण आता जोरात लागणार होतं, आणि यांची थाप उघडी पडणार होती.

मी घोडा दाबला.

डंकनने माझ्या कानांवरून टोपणं काढली. "लागलं का?" त्याने विचारलं.

मी तशीच पडून राहिले. खांद्यावर कुणीतरी हात ठेवून 'जरा थांब' म्हटलं होतं, इतकंच. "नाही," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना, कारण चौदा वर्षं हे मला खरं सांगत होते.