तेलाचे डाग चालणार नाहीत

"आधी कुलूप काढ गं. कोण आलंय, कशाला आलंय, ते मग विचार."

मोठ्या जाऊबाईंनी हॉलची किल्ली माझ्या हातावर ठेवली तेव्हा एवढंच सांगितलं होतं. आता त्या नाहीत, पण शनिवारी दुपारी किल्ली फिरवताना हे वाक्य कानात असतंच. पाण्याच्या टाकीमागचा हा लांबट हॉल युवक संघटनेचा. वस्तीतली मुलं शनिवारी तिथे जमतात. कुणाच्या घरी भांडण चाललेलं असतं, कुणाकडे अभ्यासाला जागा नसते, कुणाला नुसतंच कुठेतरी जायचं असतं. जाऊबाईंच्या वेळी संघटनेचा सगळा कागद म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेली नावं. पुसली गेली की पुन्हा लिहायची.

माझ्या हाती किल्ली आली आणि तिच्या मागोमाग कागद आले. स्वयंसेवकाचा माहितीफॉर्म, हमीपत्र, आरोग्याचं पत्रक, उपस्थितीचा अहवाल, आणि अहवाल वेळेवर दिल्याचा अहवाल. शेवटचं मी रचून सांगत नाही. खोटं बोलायचं नाही, हा रोजच्या जपाइतकाच माझा जुना नेम आहे.

या कागदांनी आमचे छर्रेकाका घालवले. चौकात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. खिशात हात घातला की रुमालाआधी चाकातले छर्रे, म्हणजे लोखंडी गोळ्या, बाहेर येतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. भंगारातल्या सायकली आणून ते दर शनिवारी मुलांकडून त्या उभ्या करून घेत होते. चाकं बसली होती, चेन चढल्या होत्या. ब्रेक बसले की सगळ्यांनी तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं.

तेवढ्यात काकांचा फॉर्म संघटनेच्या मुख्य कार्यालयातून परत आला. वर लाल शाईचा शेरा: 'कागद अस्वच्छ. तेलाचे डाग चालणार नाहीत. पुन्हा भरावा.' त्यांनी पुन्हा भरला. तोही परत आला. मी आणखी एक कोरा फॉर्म घेऊन दुकानात गेले तेव्हा ते सायकल उलटी करून चाकाचा आउट काढत होते, म्हणजे डगडगत फिरणारं चाक तारा आवळून सरळ करत होते.

"ताई, हे हात बघा," ते म्हणाले. "साबणाने निघत नाही, रॉकेलने निघत नाही. बायकोने हात टेकले, तिथे तुमचं कार्यालय काय."

"मी लिहून दिलं असतं हो. पण खाली छापलंय, 'वरील माहिती मी स्वतः भरली आहे.'"

"मग लिहा की. कोण बघतंय?"

मी नकारार्थी मान हलवली. माझा नेम त्यांना ठाऊक होता, त्यामुळे ते आधी हसले. मग पाना खाली ठेवला.

"चाकाचा आउट काढणं माझं काम. हे लोक माझाच आउट काढायला लागले. नाही यायचा मी शनिवारी. पोरांना काय ते सांगा तुम्ही. खरंच सांगा, दुसरं तुम्हाला जमायचं नाही."

खरं सांगणं जड गेलं. त्या शनिवारी मुलं ब्रेकच्या तारा हातात घेऊन बसून राहिली. एका मुलीच्या सायकलला सगळ्यांत आधी घंटी बसली होती, म्हणून तिचं नावच घंटी. ती माझ्या मागे मागे फिरत होती.

"काकू, पुढच्या शनिवारी तरी येतील ना काका? नाहीतर ब्रेक नसलेल्या सायकलीवरून आम्ही तळ्यापर्यंत नाही, तळ्यातच जाणार."

"येतील," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. घरी हे ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, "तुझ्यासारखीने शब्द जपून द्यावा. आमचं बरं असतं, 'बघू' म्हणायचं आणि सुटायचं."

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयात कागद-कपात समितीची बैठक होती. स्वयंसेवकांवरचा लिखापढीचा भार कमी व्हावा म्हणून नेमलेली समिती, आणि वस्त्यांच्या बाजूने तिच्यात मी. सदस्य होण्यासाठी मला दोन्ही बाजूंनी छापलेला फॉर्म भरावा लागला होता, हे जाता जाता सांगते.

लांब टेबल, भिंतीवर खडखडणारा एसी, त्याखाली पाणी झेलायला ठेवलेली बादली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची इस्त्री अजून बँकेतलीच. शेजारी चिटणीसबाई, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"आनंदाची बातमी," अध्यक्ष म्हणाले. "पाच फॉर्मचा एक फॉर्म केलाय."

तो एक फॉर्म चांगला जाडजूड होता. पाचही जसेच्या तसे एकाखाली एक छापून वर एक पिन मारली होती.

"पिना मात्र चार वाचल्या," कोपऱ्यातले हिशेबनीस पुटपुटले.

"शेवटच्या पानावर 'वाचले, मान्य' लिहा आणि सही करा. या शनिवारपासून लागू."

सगळ्यांची पेनं निघाली. माझं निघालं नाही.

"काय झालं, ताई?"

"मी अजून वाचलेला नाही."

"अहो, कुणीच वाचलेला नाही. घरी नेऊन वाचा निवांत. आत्ता सही टाका."

"'वाचले' असं लिहायचंय ना. मग आधी वाचते."

चिटणीसबाईंनी घड्याळ पाहिलं. "तुमचा तो नेम इथेही का?"

"दाराबाहेर काढून ठेवायला ती चप्पल नाही हो."

"मग मोठ्याने वाचा," अध्यक्ष चेष्टेने म्हणाले. "आमचंही वाचून होईल."

माझा आवाज मुळात लहान. एसीच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येईना, तेव्हा हिशेबनिसांनी उठून तो बंद केला. सकाळी अध्याय वाचते तशीच मी वाचत गेले, एक ओळ न गाळता. पहिल्या पानावर रक्तगट. मधे पुन्हा रक्तगट. आरोग्याच्या भागात पुन्हा तोच. 'फॉर्म भरण्यास लागलेला वेळ लिहावा. वेळ अधिक लागल्यास कारणांचे पुरवणी पत्रक जोडावे.' इथे कुणीतरी हसलं. पुढे कुणी हसलं नाही, उकडायला लागलं होतं.

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा मुद्दा कळला."

"मुद्दा नाही काही. सही करायचीय म्हणून वाचतेय."

तेव्हा ते चिडले. "रक्तगट एकदाच ठेवू, बाई. पुढच्या बैठकीत. तशी सूचना विहित नमुन्यात लेखी द्या."

म्हणजे सूचनेचाही फॉर्म. माझी कानशिलं तापली. जमलेली सगळी माणसं भली, कुणाच्या मनात वाकडं नाही, आणि एक ओळ खोडायला कुणाचा हात पुढे येत नव्हता. खिशाला लावलेली पेनं ती, सहीपुरतीच उघडायची. जीभ घसरू नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेतलं आणि पुढे वाचू लागले. शेवटच्या पानावर ती ओळ आलीच.

"'वरील माहिती मी स्वतः भरली आहे.' स्वतः म्हणजे स्वतःच्या हाताने का?"

"स्वतः म्हणजे स्वतः," अध्यक्ष म्हणाले.

"माहिती एकाने सांगितली आणि दुसऱ्याने लिहिली, तर?"

चिटणीसबाईंनी नियमांची फाइल ओढली. बराच वेळ चाळली. "तसं करू नका असं कुठे नाही," त्या म्हणाल्या. "सही मात्र त्याचीच हवी. आणि डाग नको, ताई, हात जोडते. डाग असला की मशीन कागद ओढत नाही, मग सुटीच्या दिवशी येऊन मला सगळं हाताने उतरवावं लागतं."

इतक्या दिवसांत हे कुणी सांगितलं नव्हतं. शेऱ्यात 'अस्वच्छ' लिहिण्याऐवजी एवढं लिहिलं असतं, तर काकांना ते लागलं नसतं.

"मग 'स्वतः भरली' खोडून 'स्वतः सांगून लिहून घेतली' केलं, तर परत पाठवणार नाही ना?"

चिटणीसबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"लिहा," अध्यक्ष रुमालाने मान पुसत म्हणाले. "काय लिहायचंय ते लिहा. एसी लावा आता कुणीतरी."

मी 'वाचले' लिहिलं. 'मान्य' लिहिलं नाही. सही केली. कुणी बघितलंही नाही.

शनिवारी सकाळी जप आटोपल्यावर मी फॉर्मची पानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली; लिहायला मी एकेक बाहेर काढणार, काकांच्या हाती मात्र पिशवीसकटच द्यायचं. शेवटच्या पानावरच्या पिशवीला कात्रीने सहीपुरती खिडकी कापली. हे पेपरमागून बघत होते.

"काका ऐकायचे नाहीत. फॉर्म दिसला की पाना फेकून मारतील."

"मारू देत. त्यांचा नेम कच्चा आहे."

"आणि तुझा पक्का," हे म्हणाले आणि हसायला लागले. "जा. परत आलीस की सांग, कुणाचा चुकला ते."

काका नाही म्हणाले तर काय, हे मी रात्रीच मनात घोळवून पाहिलं होतं. त्यांनी चाक फिरवायचं थांबवू नये. मी बाजूच्या स्टुलावर बसेन, एकेक ओळ वाचेन, ते सांगतील, मी लिहीन. रक्तगट तीनदा विचारावा लागेल. तीनदा शिव्या देतील. त्या काही लिहायच्या नाहीत.

पेन घेतलं, एक जास्तीचं घेतलं. हॉलची किल्ली पर्समध्ये आहे ना, ते चाचपून पाहिलं. मुलं यायला अजून अवकाश होता. दार हळूच ओढून घेतलं आणि चौकाच्या दिशेने चालू लागले.