आयन मोजणाऱ्या मापकाची कहाणी

मी एक जुना मापक आहे. गेवराई तालुक्यातल्या एका कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत सध्या पडून असतो. मित्रांनो, तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत एक द्रव असतो. त्यातून आयन नावाचे सूक्ष्म कण ये-जा करतात, म्हणून बॅटरी चालते. पण तो द्रव पेट घेऊ शकतो. त्याच्या जागी घन पदार्थ वापरला, तर त्यातून आयन किती सहज सरकतील, हे मी मोजत असे.

माझ्यावर सर्वांत जास्त काम केले ते याच कॉलेजात शिकणाऱ्या ऋतुजाने. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. वडील वारल्यावर आई गीताबाई आणि भाऊ युवराज जाऊ लागले. एका हंगामात त्यांच्या कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, दिव्याची बॅटरी पेटली, पाचटाचे छप्पर धडधडले आणि झोपलेला युवराज गेला.

ऋतुजा पांढरी भुकटी दाबून टिकली करी, भट्टीत भाजून घेई, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून माझ्या चिमट्यांत धरी. मी त्या टिकलीतून हलकीशी वीज मागेपुढे खेळवत असे. बहुतेक टिकल्यांत आयन अडकून पडत. एके दिवशी मात्र ते झरझर सरकले. ऋतुजा आईला घेऊनच आली.

गीताबाईंनी टिकली तळहातावर घेतली. "ही पेटत न्हाई?"

"न्हाई आई. हिच्यात पातळ काहीच न्हाई."

"मंग ही आधी कावून न्हाई केली कुणी?"

ऋतुजाने आईचा हात घट्ट धरला.

पण खात्री पटायला मी दाखवलेला तसाच आकडा पुन्हा यायला हवा होता. तिने नव्या टिकल्या केल्या. तेवढ्यात परीक्षेसाठी खोली रिकामी करताना मला व्हरांड्यात ठेवले गेले. अवकाळी पाऊस आला. मी भिजलो आणि बंद पडलो. "बोलवू दुरुस्तीवाल्याला," असे सगळे म्हणाले. कुणी बोलावले नाही.

ऋतुजा रोज विचारायला येई. शेवटी ती प्रयोगशाळेच्या सरांना म्हणाली, "सर, टिकल्यांनी ओल धरली. आता मोजून बी उपयोग न्हाई."

दिवाळीनंतर ती युवराजच्या जागी आईबरोबर तोडीला गेली.

मित्रांनो, तिचा तो आकडा खरा होता की चुकून आला होता, हे मलाही ठाऊक नाही. तुमच्या शाळेत एखादे यंत्र बंद पडले, तर त्यावर फडके टाकून निघून जाऊ नका. ते दुरुस्त होईपर्यंत मोठ्यांच्या मागे लागा. कुणीतरी त्याच्यासाठी थांबलेले असते, आणि त्या माणसाला फार दिवस थांबता येत नाही.