आश्लेषाच्या पायाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना डॉप्लर आहे. नाव ऐकून बिचकू नका. मी टीव्हीच्या रिमोटएवढा, आणि वायरच्या टोकाला माझा कान. कातडीवर गारेगार जेल लावून तो टेकवला, की आत वाहणारं रक्त मी मोठ्याने ऐकवतो.

कारखान्यातून मी थेट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात आलो. बारा वर्षं या हातातून त्या हातात फिरलो. मग रंगीत चित्रं दाखवणारी मशिनं आली आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. मूळच्या मुंबईच्या बेला सिस्टर तेवढ्या आठवणीने माझी बॅटरी बदलत.

गेल्या जानेवारीत आश्लेषा आली. तिला ल्युपस होता. या आजारात शरीराचे पहारेकरीच शरीरावर उलटतात. तिच्या डाव्या पायाची बोटं निळी पडली होती.

"थंडीने झालंय हो, सिस्टर. जाड मोजे घालते," ती म्हणाली.

"मोजे नंतर. आधी मला ऐकू दे," म्हणत सिस्टरांनी मला बाहेर काढलं.

उजव्या पावलावर मी फुश्श-फुश्श गायलो. डाव्यावर नुसती खरखर! सिस्टरांनी मला तीनदा सरकवून पाहिलं आणि तडक डॉक्टरांना गाठलं.

स्कॅनमध्ये उलगडा झाला. हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत, म्हणजे महाधमनीत, रक्ताची गुठळी झाली होती. तिचाच तुकडा वाहत येऊन पायात अडकला होता. ल्युपसमध्ये कधीकधी रक्त असं गोठतं.

"पाय वाचेल ना?" आश्लेषाने विचारलं.

"वेळेवर आलीस गं," एवढंच सिस्टर म्हणाल्या.

रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, ल्युपसचंही वाढवलं. रोज सकाळी सिस्टर मला तिच्या पावलावर टेकवत. खरखर. पुन्हा खरखर. चौथ्या दिवशी मात्र दुरून कुणी कुजबुजावं तसं फुश्श! माझा तर विश्वासच बसेना.

रविवारी तिचा नवरा मिहीर सहा वर्षांच्या अन्वीला घेऊन आला, तेव्हा माझा आवाज शेजारच्या खाटांपर्यंत पोचत होता. कॉव्हेंट्रीतच जन्मलेली अन्वी टाळ्या पिटत ओरडली, "आईची पाय गाणं म्हणते!"

"आईचा पाय..." मिहीर सुधारायला गेला, आणि हसता हसता त्याला रडूच फुटलं. आश्लेषा म्हणाली, "राहू दे रे. तिचंच बरोबर आहे."

मित्रांनो, हातपाय निळे, गार पडले तर अंगावर पांघरूण ओढून बसू नका; लगेच कुणाला तरी दाखवा. आणि माझ्यासारखा कुणी भेटला, तर काम झाल्यावर त्याचा कान पुसून ठेवा. जेल वाळलं की फार खाजतं हो!